हळद : दावा आणि पुरावा

पलूस परिसरातील कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हळद काही नवी नाही. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीखाली खणलेल्या पेवांत ती साठविली जात असे. युनानी हकीम तिला 'जर्द चोब' म्हणतात. वैद्य व हकीम या दोघांनीही ती जखमेवर लावावयास सांगितली.

असे असता, १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला याच उपयोगाचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. आजीबाईच्या बटव्याची साक्ष तेथे पुरेशी नव्हती. लेखी पुरावा हवा होता. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख पुढे ठेवण्यात आला, आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विजयाने हे ज्ञान जुने आहे एवढेच सिद्ध झाले. हळदीने प्रत्येक रोग बरा होतो, असे नव्हे. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फार थोडे उतरते. म्हणून काही गोळ्यांत मिरीचा अर्क घालतात. अशा गोळ्यांनी काहींच्या यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा मधुमेहावर रामबाण म्हणून कोणी डबी पुढे केली, तर तेथेही पुरावाच मागावा. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नये. जेवणातली हळद जेवणात राहू द्यावी.