ग्रंथकार आणि त्याचे खिळे

आपलें पुस्तक मनाजोगें छापून निघावें अशी इच्छा कोणत्या ग्रंथकारास नसते? परंतु त्या इच्छेपायीं हातांतला ग्रंथ बाजूस ठेवून अक्षरजुळणीचें शास्त्रच नव्यानें रचावयास बसणारा ग्रंथकार विरळा. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निवृत्त अध्यापक डोनाल्ड कनूथ हे अशांपैकीं एक होत.

संगणकाच्या आज्ञावली रचण्याच्या कलेवरील त्यांच्या बृहद्‌ग्रंथाचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७३ या काळांत निघाले. ते शिशाच्या खिळ्यांनीं जुळविलेले असून त्यांतील समीकरणें डोळ्यांस सुखविणारीं होतीं. पुढें ती पद्धत मागें पडली. १९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें छायाचित्रणाच्या रीतीनें जुळून आलीं, तीं पाहून कनूथ खिन्न झाले. त्याच वर्षीं ठिपक्याठिपक्यांनीं अक्षर उमटविणाऱ्या एका यंत्राची छपाई त्यांच्या पाहण्यांत आली. ठिपका द्यावयाचा कीं गाळावयाचा, हा तर शून्य आणि एक यांचाच खेळ, म्हणजे संगणकशास्त्रज्ञाच्या अधिकारांतला! तेव्हां त्यांनीं ‘टेक’ ही आज्ञावली आरंभिली. तिचें नांव कलावाचक ग्रीक शब्दावरून घेतलें आहे.

काम कांहीं महिन्यांचें वाटलें होतें. त्यांत सुमारें दहा वर्षें गेलीं. एकेक ओळ सुटी न तोडतां सबंध परिच्छेद एकदम विचारांत घेऊन शब्दांमधील अंतर सारखें राखणें, हें टेकचें वैशिष्ट्य. अक्षरांच्या आकृतींसाठीं ‘मेटाफाँट’ ही तिची जोडीदार आज्ञावली कनूथ यांनींच रचली. १९८१ सालीं दुसरा खंड या नव्या साधनानें छापून निघाला.

कनूथ यांनीं हें साधन सर्वांस मोफत खुलें केलें. परंतु दान देणें निराळें आणि तें घरोघर चालतें ठेवणें निराळें. विद्यापीठाविद्यापीठांतले संगणक वेगळे, छपाईचीं यंत्रें वेगळीं. प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी जाणता बसून हीं जुळवून द्यावीं लागत. शिवाय प्रबंधाची मुदत तोंडावर आलेला विद्यार्थी दारीं उभा असेच. १९८० सालीं वापरणाऱ्यांचें मंडळ स्थापन झालें, त्याचें नियतकालिक निघालें. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लेटेक’नें सामान्य लेखकाची वाट सोपी केली. हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठासाठीं फ्रान्स वेल्थुइस यांनीं १९९१ सालीं देवनागरीची सोय करून दिली, आणि आपली जोडाक्षरेंही या पंक्तींत येऊन बसलीं.

आपल्या ग्रंथांत चूक दाखविणारास कनूथ २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत. टेकमध्यें नवी भर घालावयाची नाहीं, चुका मात्र दुरुस्त करावयाच्या, असें त्यांनीं ठरविलें. म्हणून प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिचा आवृत्तिक्रमांक ‘पाय’ या संख्येच्या एका अंकानें पुढें सरकतो. २०२१ सालीं तो ३.१४१५९२६५३ झाला.

इकडे मूळ ग्रंथाच्या चौथ्या खंडाचा पहिला भाग बाहेर पडावयास २०११ साल उजाडलें. त्याची वाट पाहणाऱ्यांस तीं दहा वर्षें वायां गेलीं असें वाटलें, तर त्यांस दोष देववत नाहीं. परंतु त्या वर्षांमुळें जगांतील असंख्य गणितज्ञांचे ग्रंथ नीटनेटके छापले गेले, हेंही जमेस धरलें पाहिजे. आणि त्या जमेंत, विद्यापीठांच्या कोपऱ्यांत बसून दुसऱ्यांचीं पानें जुळवून देणाऱ्या, मुखपृष्ठावर कधींच न झळकलेल्या माणसांचाही वांटा आहे.