सोडावॉटरच्या गोटीची गोष्ट

मंडळी, जत्रेत किंवा एस. टी. स्टँडावर गोटी सोडा आपण प्यायला असालच. दुकानदार अंगठ्याने किंवा लाकडी टोपणाने गोटी दाबतो, ‘फट्’ असा आवाज होतो, फेस वर येतो आणि गोटी बाटलीच्या गळ्यात खुळखुळू लागते. ती गोटी आत घातली तरी कशी, असा प्रश्न लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

पाण्यात वायू कोंडण्याची युक्ती इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याने १७६७ साली लीड्स गावी साधली. त्याच्या घराशेजारी बिअरची भट्टी होती. तिथल्या पिंपांवर जो वायू साचे, तो त्याने पाण्यात मिसळून पाहिला. पुढे १७८३ साली याकोब श्वेप याने जिनिव्हात असल्या पाण्याचा धंदा काढला आणि १७९२ साली तो लंडनला गेला. पाणी झाले, गिऱ्हाईकही मिळाले. अडचण आली ती बाटलीची.

वायू बूच उडवून देई. बूच सुकले की आकसे आणि वायू निसटून जाई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक विचित्र बाटली निघाली. तिला बूडच नव्हते! अंड्यासारखी टोकदार असल्याने ती उभी राहीच ना. आडवी ठेवावी लागे, त्यामुळे बूच आतून सदा ओले राही. पण अर्धी प्यायलेली बाटली टेबलावर ठेवायची कशी? शिवाय प्रत्येक वेळी नवे बूच आणि नवी तार हवीच.

यावरचा तोडगा लंडनच्या हायरम कॉड या गृहस्थाने काढला. १८७२ साली त्याने आपल्या बाटलीचे पेटंट घेतले. बाहेरचा दाब आतल्या दाबाशी लढवण्याऐवजी त्याने आतल्या दाबालाच कामाला लावले. बाटलीच्या तोंडाशी आतून खाच, खाचेत रबरी कडे आणि गळ्यात काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची. गोटी आपल्या वजनाने तोंडाशी येते, आणि बाटली सुलटी केली तरी वायू तिला रबरावर दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितके झाकण घट्ट! आणि गोटी आत जाते कशी? बाटलीचे तोंड अरुंद करण्याआधी ती गळ्यात टाकतात, मग तापलेल्या काचेचे ओठ आवळून तोंड घडवतात. गळ्याला खाली चिमटा काढलेला असतो, म्हणून ती पोटात पडत नाही. बाजूला दोन खळ्या असतात. ओतताना त्या खालच्या बाजूला धरल्या की गोटी तिथे अडकून बसते आणि वाट मोकळी राहते. गुरुजींनी एक रिकामी बाटली वर्गात नेऊन हे दाखवावे. फळ्यावरच्या चित्रापेक्षा मुलांना ते लवकर कळेल.

आता जरा थांबून या बाटलीकडे दुसऱ्या नजरेने पाहा. ती फोडल्यावाचून तिचे झाकण काढता येत नाही. पिऊन झाल्यावर फेकायला बूच उरत नाही, तारही उरत नाही. जाड काचेची ही बाटली महाग पडे, म्हणून ती परत आलीच पाहिजे, ही मालकाची गरज होती. विलायतेतले कारखानदार बाटलीवर आपले नाव काचेतच उठवीत, ते काही निव्वळ जाहिरातीसाठी नव्हे. माल तुमचा, भांडे आमचे, असा तो करार होता. त्या कराराचा मुख्य शत्रू कोण म्हणाल, तर पोरे! गोट्या मिळाव्यात म्हणून ती बाटल्या फोडीत.

दोषही सांगायला हवेत. गळ्याच्या त्या वळणांत ब्रश नीट फिरत नाही, धुणे कटकटीचे. १८९२ साली अमेरिकेतल्या विल्यम पेंटरने दातेरी कडांच्या पत्र्याच्या बुचाचे पेटंट घेतले. ते स्वस्त होते, लावायला सोपे होते, आणि गोटीची बाटली हळूहळू मागे पडली. तरी काचेची बाटली परत देण्याची रीत टिकली. खरा पालट झाला तो प्लॅस्टिकने. १९७३ साली नॅथॅनिएल वाएथ या अमेरिकनाला पेट बाटलीचे पेटंट मिळाले. हलकी, न फुटणारी, वाहतुकीला सोयीची. तिचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. पण ती परत यावी अशी गरज कोणालाच उरली नाही. मालकाची जबाबदारी दुकानाच्या दारात संपली आणि बाटली आपल्या ओढ्यात आली.

ती पुन्हा वितळवता येत नाही असे नाही. तिचा धागा होतो, कापड होते. मात्र बाटली एका प्लॅस्टिकची, टोपण दुसऱ्याचे, वरचे वेष्टन बहुधा तिसऱ्याचे. आधी निवडानिवड करावी लागते, आणि वितळवताना तिचा कस उतरतो. काचेचे तसे नाही. ती कितीही वेळा वितळवा, काचच राहते. भट्टीत दहा टक्के फुटकी काच घातली, तर इंधन सुमारे अडीच ते तीन टक्के वाचते. अट एवढीच, की हिरवी काच पांढरीत मिसळू नये. वेफर्सच्या चकचकीत पुडीची गत याहून वाईट. प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ लेप असतो. हे थर सुटे करणे इतके खर्चाचे, की भंगारवालाही ती पुडी उचलत नाही.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा पिशव्यांची चर्चा फार झाली. रिकामी बाटली परत घ्यायची कोणी, ही चर्चा त्या मानाने थोडी झाली. माझ्या मते तोच मुद्दा मोठा आहे. गावच्या रस्त्यावर पडलेली बाटली उचलायला ग्रामपंचायतीचा माणूस लागतो, आणि त्याचा पगार बाटली विकणारा देत नाही.

गोटी सोडा अजून काही ठिकाणी मिळतो. पुढच्या वेळी प्याल तेव्हा दुकानदाराकडे लक्ष ठेवा. बाटली घेऊन तुम्ही दोन पावले लांब गेलात, की तो हाक मारतो, “भाऊ, इथंच प्या, बाटली ठेवून जा!”