हेडर, स्कॅनर आणि न्हावा शेवा

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. फार जुना नाही, पण आपल्या रोजच्या कामाचा.

रायगड किनाऱ्यावर, उरण तालुक्यात, न्हावा शेवाचं बंदर आहे. जून २०१७ च्या अखेरीस तिथलं मर्स्क समूहाचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. कारण नॉटपेट्या! २७ जूनला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हे प्रकरण सुटलं आणि मर्स्कच्या नेटवर्कमधून थेट उरणला पोचलं. मर्स्कने नंतर जगभरातलं आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं.

आता समजा, आदल्या दिवशी अशा एखाद्या कंपनीच्या वेबसाइटवर सिक्युरिटी स्कॅनर चालवला असता, तर काय दिसलं असतं? नेहमीचंच. "सर्व्हरचं व्हर्जन उघड आहे", "अमुक हेडर नाही". नॉटपेट्या मात्र वेगळ्याच दारांनी पसरला: अपडेट, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं भोक (त्याचा पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता) आणि मेमरीतून चोरलेले पासवर्ड. रिस्पॉन्स हेडरचा संबंध शून्य.

मग हे हेडरचे इशारे आले कुठून? प्रत्येकाला जन्मतारीख आहे, आणि काहींना मृत्यूची तारीखही.

'सर्व्हर' हेडर घ्या. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चं आरएफसी १९४५ आलं. व्हर्जन सांगितल्याने हल्लेखोराला मदत होऊ शकते, म्हणून हे फील्ड बदलता येण्यासारखं ठेवा, असं त्यातच लिहून ठेवलंय. म्हणजे मुद्दा खरा. घोळ पुढे झाला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये अपाचे २.४.६ होतं, मूळचं २०१३ चं. जून २०२४ ला नेहमीचा सपोर्ट संपेपर्यंत आकडा तोच राहिला. सुरक्षेचे पॅच मात्र आतल्या आत, मागे ओढून लावले जात होते. स्कॅनर बिचारा आकडा वाचून भोकांची भलीमोठी यादी छापतो. दुकानाची पाटी वाचून मालाची तपासणी केल्यासारखं!

दुसरं उदाहरण 'एक्स-एक्सएसएस-प्रोटेक्शन'. मार्च २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ आला, त्यातल्या फिल्टरसाठीचा हा खटका. त्याच वर्षी उघड झालं की या फिल्टरमुळेच चांगल्या साइट धोक्यात येऊ शकतात. फायरफॉक्सने तो कधी घेतलाच नाही. एजने २०१८ मध्ये सोडायचं जाहीर केलं, क्रोमने २०१९ मध्ये काढून टाकला. आता ओवास्पचा सल्ला आहे की हे हेडर लावूच नका, किंवा ० ठेवा. तरी काही जुने स्कॅनर अजून "हेडर नाही हो!" म्हणून ओरडतात.

म्हणून सगळेच इशारे टाकाऊ का? अजिबात नाही. २०१२ च्या एचएसटीएसचं बघा. लॉगिन असलेल्या साइटवर ते नसेल, तर फुकटच्या वायफायवर मधला माणूस तुमच्या ग्राहकाला साध्या एचटीटीपीवर अडकवू शकतो. तो इशारा खरा.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारावेत:

१. हे हेडर कोणता हल्ला अडवतं? आजचे ब्राउझर ते मानतात का?
२. हा रिस्पॉन्स ब्राउझरमध्ये पान म्हणून उघडतो, की नुसतं एपीआयचं जेसन आहे?
३. व्हर्जनवरून ओरड असेल, तर पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये त्या सीव्हीईचा पॅच दिसतो का?

उत्तर "धोका नाही" असेल, तर कारण, पुरावा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या ऑडिटला तोच वाद नको. व्हर्जन लपवायला अपाचेत एक ओळ पुरते, जरूर लपवा. पण त्याला सुरक्षा म्हणू नका.

क्लायंटला रिपोर्टमध्ये शून्य हवं असतं, हे मान्य. पण टीमचा आठवडा हेडरची लाल ओळ हिरवी करण्यात गेला आणि मार्चचा पॅच जूनपर्यंत पडून राहिला, तर रिपोर्ट छान दिसेल आणि गेटवर ट्रकची रांग लागेल. इशारे कितीही येऊ देत, लक्ष द्यायला माणसं मोजकीच असतात. ती कुठे लावायची, हे स्कॅनर ठरवत नाही. आपल्यालाच ठरवावं लागतं.