पेशव्यांचे दप्तर

समजा, तुमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि जुन्या नोंदवह्या कपाटात नाहीत. काही आधीच्या गुरुजींच्या घरी, काही नुसत्या त्यांच्या डोक्यात. नव्या माणसाने कारभार करावा कसा? पेशवाईतही हाच प्रश्न होता. फक्त शाळेच्या जागी राज्य होते.

दूरच्या परगण्यात वसूल किती झाला, हे पुण्याच्या कारभाऱ्याला कळावे म्हणून हुजूर दप्तर होते. दोनशेहून अधिक कारकून तिथे मोडीत लिहीत बसत. ‘फड’ या शाखेतून हुकूम आणि सनदा सुटत. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत चढे. ‘एकबेरीज’ शाखेत सगळ्या खात्यांचे हिशेब येत आणि त्यांचे गोषवारे, म्हणजे तर्जुमे, तयार होत. मागील आकडे पाहून पुढील सालाचा अजमास बांधीत आणि तो मामलेदाराच्या हाती देत.

पण मामलेदाराने खोटेच लिहून पाठविले तर? त्याचीही तजवीज होती बरे का! त्याच्या कचेरीत मजुमदार, फडणीस, दप्तरदार असे दरकदार असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार त्याला नसे. शिवाय देशमुख-देशपांड्यांकडे परगण्याचे कागद निराळेच. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिलेली. मग लपवणार कुठे?

नाना फडणीस १८०० साली वारले. पुढे दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्याचा सपाटा लावला. जो जास्त रक्कम कबूल करील त्याची मामलत! मग हिशेब तपासायचा कुणी आणि कशाला? दप्तरातले बहुतेक कारकून गेले. लोक कागद उचलून नेऊ लागले. रयतेला किती सोसवेल, हे कागदावरून सांगणारा उरला नाही. मक्तेदार मुदतीच्या आत हाती लागेल तेवढे ओरबाडू लागला.

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्याची कारणे पुष्कळ आहेत. परंतु राज्याला स्वतःचीच खबर न राहणे, हे त्यातले लहान कारण नव्हे.

तरी उरलेल्या रुमालांतून गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापले. पुण्याला गेलात, तर पेशवे दप्तर जरूर पाहा. आणि परत आल्यावर आपल्या शाळेचे, सोसायटीचे कपाट एकदा उघडून बघा. उद्या तुमच्या जागी येणाऱ्याला त्यात काय सापडेल?