स्टिअरिंगच्या सांध्याचा रबरी बूट : कधी बदलावा, कसा बदलावा

स्टिअरिंगचे चक्र फिरविले की पुढची चाके वळतात, एवढेच बहुतेक वाहनचालकांना ठाऊक असते. मधल्या साखळीत काही दांडे आणि त्यांना जोडणारे गोलक-सांधे असतात, ज्यांना गॅरेजच्या भाषेत बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड म्हणतात. पोलादी गोळी, तिला बसविणारी वाटी, आत ग्रीस आणि वर रबराची टोपी अशी या सांध्याची साधी रचना. ही टोपी म्हणजेच बूट. दोन-तीन टनांच्या आलिशान ऑफ-रोड गाडीतील हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग असावा. पण तो फाटल्यापासून सांधा निकामी होईपर्यंतचा प्रवास नाशिक परिसरात एकाच पावसाळ्यात पूर्ण होऊ शकतो.

नाशिकचे आणि या जातीच्या वाहनांचे नाते जुने आहे. २००२ साली बाजारात आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली, पुढे याच कंपनीने इगतपुरीजवळ ऑफ-रोड वाहनचालनाची अकादमी सुरू केली. त्याशिवाय द्राक्षबागायतदार, बांधकाम व्यावसायिक आणि हौशी मंडळींकडे पजेरो, प्राडो, फॉर्च्युनर, लँड रोव्हर अशा गाड्या आहेत. या गाड्या केवळ गंगापूर रोडवर मिरविण्यासाठी घेतलेल्या नसतात. निफाड-दिंडोरीच्या काळ्या चिखलातून बागेपर्यंत, पेठ-सुरगाण्याच्या मुरमाड वाटांवरून, त्र्यंबकच्या पावसातून त्यांचे येणे-जाणे असते. इगतपुरीचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान ३००० मिलिमीटरच्या वर जाते, नाशिक शहरात मात्र ते त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास राहते. म्हणजे पन्नास किलोमीटरच्या आत एकच गाडी कोरड्या धुळीतून थेट धो धो पावसात शिरते. रबराला हा बदल मानवत नाही.

बूट फाटतो कशाने? ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे निओप्रीनचे रबर कालांतराने कडक होते व घड्यांच्या तळाशी बारीक चिरा पडतात. याला फारसा इलाज नाही. उरलेली कारणे मात्र बव्हंशी मानवनिर्मित आहेत. वॉशिंग सेंटरवर खालून सोडलेला जोरदार फवारा बुटाची कड उचलून पाणी आत ढकलतो. धुऊन झाल्यावर गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती रबराच्या मुळावर येते. नैसर्गिक रबर अशा तेलाने फुगून मऊ पडते. निओप्रीन अधिक तग धरते, तरी वारंवारच्या माऱ्याने त्याचीही ताकद घटते. तिसरे कारण खुद्द गॅरेजमध्ये असते. शॉक अॅब्सॉर्बर किंवा ब्रेकच्या कामासाठी सांधा सोडविताना दोन दात्यांचा काटा ठोकून घातला, तर सांधा सुटतो पण चांगला बूट हमखास फाटतो.

फाटलेल्या बुटातून प्रथम ग्रीस बाहेर येते. चाकाच्या आतल्या बाजूला, सांध्याभोवती काळा ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर निदान जवळजवळ झालेच म्हणावे. त्यानंतर पाणी व दगडाची पूड आत शिरते. आपल्याकडील बेसॉल्टची पूड ग्रीसमध्ये मिसळली की तिचे पॉलिशचे मिश्रण तयार होते. गोळी आणि तिच्या भोवतालची प्लॅस्टिकची वाटी हळूहळू झिजू लागते. याच टप्प्यावर नवा बूट चढवून निश्चिंत होणारे मालक पुष्कळ आहेत. ही समजूत घातक आहे, कारण आतील खरखरीत लगदा आता नव्या रबराखाली झाकला जातो आणि झीज कुणाला दिसेनाशी होते. ढील वाढत जाऊन गोळी वाटीतून निसटली, तर ते एक चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. कसाऱ्याच्या घाटात किंवा सप्तशृंगी गडाच्या वळणांवर हे घडण्याची कल्पनाही नको.

कायद्यानेही या टोपीची दखल घेतली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगची ढील चक्रावर ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, दांड्यांना जोडणारे सर्व बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी संरक्षित हवेत आणि त्यांचे बोल्ट वा पिना पक्क्या अडकविलेल्या हव्यात. व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्रासाठी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी तपासणीला जावे लागते, त्यामुळे कुणीतरी खाली डोकावते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते. पीयूसी काढताना फक्त धूर तपासतात. साहजिकच पन्नास लाखांच्या गाडीचा बूट फाटला आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मालकावर व त्याच्या मेकॅनिकवरच येऊन पडते.

तपासणीला पाच मिनिटे पुरतात. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवावे, एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने चाकाच्या मागून सांध्याकडे पाहावे. दांडा हलतो पण आर्म क्षणभर उशिरा हलतो असे दिसले, तर ढील आहे. गाडी पुढे सरकू नये म्हणून हँडब्रेक आणि चाकाखालचे अडसर विसरू नयेत. पाहणाऱ्याने गाडीच्या खाली शिरू नये. मग चाक जॅकवर उचलून घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. येथे खटखट जाणवली तर टाय रॉडचा सांधा संशयित ठरतो. बारा आणि सहाच्या जागी जाणवली तर दोष बहुधा चाकाचे बेअरिंग वा सस्पेन्शनच्या बॉल जॉइंटकडे असतो. किती सांधे पाहायचे हे गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. स्कॉर्पिओप्रमाणे रॅक-पिनियन असलेल्या गाडीत बाहेरचे दोन आणि रॅकच्या भात्यात लपलेले दोन. २००२ पासून हिंदुस्थान मोटर्सने भारतात विकलेल्या पजेरोमध्ये स्टिअरिंग बॉक्स असल्याने दांडे अधिक, म्हणून सांधे आणि बूटही अधिक. जुन्या पद्धतीचा अखंड पुढचा अॅक्सल असलेल्या जीपमध्ये आडवे दोन दांडे व त्यांच्या टोकांचे चार सांधे.

आता प्रत्यक्ष काम. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅक लावून गाडी मजबूत स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये. चाक काढल्यावर सांधा तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा, नाही तर बाहेरची घाण आपणच आत ढकलतो. स्प्लिट पिन काढून कॅसल नट सैल करावा, पण दोन-तीन आटे तसाच ठेवावा, म्हणजे सांधा सुटल्यावर दांडा झटकन खाली येत नाही. सांध्याचा दांडा आर्मच्या छिद्रात निमुळता बसलेला असतो आणि तो अक्षरशः चिकटलेला असतो. यासाठी पुलर वापरणे सर्वांत चांगले. पुलर नसल्यास आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दणका द्यावा. डोळा क्षणभर दबतो आणि सांधा मोकळा होतो. आट्यांवर हातोडा मारणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, तिने आटे तर जातातच, शिवाय वाटीही फुटू शकते.

सांधा सुटल्यावर खरा निर्णय घ्यावा लागतो. जुना बूट काढून दांडा बोटांनी फिरवून पाहावा. तो चिवटपणे, पण सर्वत्र सारखा फिरला पाहिजे. स्वतःच्या वजनाने खाली पडत असेल, मध्येच अडकत असेल, ग्रीस तांबूस वा दुधाळ झाले असेल किंवा बोटांत घेतल्यावर कचकच लागत असेल, तर तेथे बुटाचा विषय संपला, संपूर्ण टाय रॉड एंड बदलावा. बूट नुकताच फाटला असून आतील ग्रीस स्वच्छ असेल, तरच केवळ बूट बदलणे योग्य. अशा वेळी जुने ग्रीस स्वच्छ कापडाने पुसून काढावे. आत रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये, कारण ते वाटीच्या खाचांत राहते आणि नवे ग्रीस पातळ करते. मग लिथियम ग्रीस भरावे, तेही ठासून नव्हे, कारण बुटाला वळताना आकसण्या-फुगण्यास जागा हवी.

बूट निवडताना दुकानात 'सगळ्याला बसतो' असे सांगितले जाते. येथे तीन मापे पाहावीत : सांध्याच्या घराचा व्यास, निमुळत्या दांड्याचा जाड टोकाचा व्यास आणि मधली उंची. वरची कड दांड्यावर घट्ट व सपाट बसली नाही तर नवा बूट पहिल्याच पावसात पाणी पितो. आयात केलेल्या आलिशान गाड्यांच्या बाबतीत अडचण अशी, की उत्पादक पुष्कळदा बूट वेगळा देतच नाहीत, पूर्ण सांधाच घ्यावा लागतो. सांधा निरोगी असेल तर योग्य मापाचा पॉलियुरेथेनचा बूट लावण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही. मात्र सांध्याला ढील असताना पैसे वाचविण्यासाठी असा बूट लावणे म्हणजे गळक्या छताला रंग देणे होय.

बुटाची खालची कड घराच्या खाचेत बसवून तारेची रिंग चढवावी. निमुळता दांडा आणि आर्मचे छिद्र दोन्ही कोरडे व स्वच्छ असावेत, त्यावर ग्रीसचा थेंबही नको. नट घट्ट करताना दांडा आपोआप फिरू लागला, तर खालून जॅकने सांधा हलकेच दाबून धरावा. या नटाचा टॉर्क गाडीनुसार बदलतो, साधारण ४ ते ९ किलोग्रॅम-मीटर, म्हणून मॅन्युअलमधला आकडा पाहूनच टॉर्क रेंच लावावा. पिनेचे छिद्र जुळले नाही तर नट आणखी किंचित आवळावा. जुळविण्यासाठी सैल कधीही करू नये. पिन नवीच वापरावी. कॅसल नटाऐवजी नायलॉनचा नट असल्यास तोही नवा घ्यावा, कारण दुसऱ्यांदा त्याची पकड राहत नाही.

केवळ बूट बदलल्यास दांड्याची लांबी बदलत नाही, त्यामुळे अलाइनमेंट बिघडण्याचे कारण नाही. टाय रॉड एंडच बदलला तर मात्र ते करावेच लागते. जुना काढण्यापूर्वी लॉकनटाच्या जागी खूण करावी व तो किती फेऱ्यांत निघाला ते मोजावे, तेवढ्याच फेऱ्यांत नवा बसविल्यास अलाइनमेंट सेंटरपर्यंत गाडी नीट चालविता येते. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात. दांडा सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी हे तपासावे.

रॅकच्या टोकांवरील भात्यासारख्या बुटाचे प्रकरण थोडे वेगळे. तो काढण्यासाठी बाहेरचा सांधा आणि लॉकनट काढावेच लागतात, म्हणून अलाइनमेंट अटळ. भात्यात पॉवर स्टिअरिंगचे तेल साठलेले आढळले, तर दोष रॅकच्या सीलमध्ये आहे आणि नवा भाता त्याला उपाय नाही. नवा चढविताना त्याला पीळ पडू देऊ नये आणि क्लॅम्प लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून स्टिअरिंग सरळ आहे ना, खालून आवाज येत नाही ना, हे पाहावे आणि पाचशे किलोमीटरनंतर नट व पीन पुन्हा तपासावे. त्यानंतर वर्षातून दोनदा खाली पाहिले तरी चालेल : एकदा मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आणि एकदा पाऊस सरल्यावर, कोजागिरीच्या आसपास. आणि वॉशिंग सेंटरवर तळाला डिझेल मारण्यासाठी हात पुढे आला, तर त्याला तेवढ्याच नम्रपणे नको म्हणावे.