‘सम्राट अशोक’ : समुद्रावरचे १०१ सेकंद

१ जानेवारी १९७८. रात्री सव्वाआठच्या सुमारास एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघाले. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. चाकांनी जमीन सोडल्यापासून अवघ्या १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर अरबी समुद्रात कोसळले. २१३ पैकी एकही जीव वाचला नाही.

पहिला संशय घातपाताचा होता. समुद्रातून काढलेल्या अवशेषांवर मात्र स्फोटाची खूण सापडली नाही. बिघाड निघाला तो कॅप्टनसमोरच्या एका तबकडीत.

या तबकडीला आपण कृत्रिम क्षितिज म्हणू. विमान डावीकडे कलले की उजवीकडे, नाक वर आहे की खाली, हे ती दाखवते. बदलापूर-अंबरनाथच्या वाचकांना तिचे महत्त्व पटकन कळेल. दिवसा मलंगगडाची आणि माथेरानची रांग समोर असते, त्यामुळे आडवे काय नि उभे काय हे डोळ्यांना सांगावे लागत नाही. अंधाऱ्या समुद्रावर असा डोंगर नसतो, दिवा नसतो. पाणी आणि आकाश एकाच काळ्या रंगाचे होतात.

अशा वेळी शरीरावर विश्वास ठेवता येत नाही. कल्याण स्थानकात आपली लोकल उभी असते, शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि क्षणभर आपणच निघालो असे वाटते. फलाटाचा खांब पाहिला की भ्रम फिटतो. डोळे जसे फसतात तसाच आतला कानही फसतो. विमान हळूहळू कलत असेल तर त्याला ते जाणवतच नाही. वैमानिकाचा खांब म्हणजे ती तबकडी. आणि त्या रात्री खांबच वाकडा झाला होता.

उड्डाणानंतर विमानाने उजवीकडे हलके वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. कॅप्टन मदनलाल कुकर यांची तबकडी मात्र उजवा कल दाखवीतच राहिली. तो कल ‘सुधारण्यासाठी’ त्यांनी विमान डावीकडे वळवले. प्रत्यक्षात सरळ असलेले विमान डावीकडे कलू लागले. तबकडी हलेना, म्हणून आणखी डावीकडे. अखेरीस विमान १०८ अंशांपर्यंत कलले, म्हणजे जवळजवळ पालथे होऊ लागले.

कुकर १९५६ पासून एअर इंडियात होते आणि त्यांच्या गाठीशी सुमारे १८ हजार तासांचे उड्डाण होते. नवशिकेपणाचा प्रश्नच नव्हता. आपले उपकरण कोलमडले आहे, हे त्यांनी बोलूनही दाखवले. सहवैमानिक इंदू विरमाणी, मूळचे हवाई दलातले, उत्तरले की माझेही कोलमडले आहे. ब्लॅक बॉक्समधला हा संवाद वाचताना आजही अंगावर काटा येतो. कारण विरमाणींची तबकडी बहुधा ठीक होती. ती विमानाचा खराखुरा डावा कल दाखवीत होती. दोन तबकड्या दोन गोष्टी सांगत होत्या, आणि त्यांना एकच शब्द मिळाला : कोलमडले.

दोघांच्या मधोमध एक तिसरी, राखीव तबकडी होती. तिच्याकडे पाहिले असते तर दोनास एक असा निकाल लागला असता. मागे बसलेले उड्डाण अभियंता आल्फ्रेडो फारिया यांच्या ते लक्षात आले असावे. त्या तबकडीवर जाऊ नका, असे ते कॅप्टनना सांगू लागले. तेव्हा पाण्याला जेमतेम पाच सेकंद उरले होते.

मृतांच्या नातेवाइकांनी बोइंग आणि उपकरणांच्या उत्पादकांवर अमेरिकेत दावे लावले. नोव्हेंबर १९८५ मध्ये तेथील संघीय न्यायाधीश जेम्स फिट्झगेराल्ड यांनी १३९ पानी निकालात निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपले. पण ‘कॅप्टनची चूक’ हे उत्तर मला अपुरे वाटते. तिघे जाणते लोक एका खोलीत असताना एका बिघडलेल्या तबकडीने तिघांचेही लक्ष कसे ओढून घेतले, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हता. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात पुढच्या चाकाचा एक छोटा दिवा लागेना. सारे कॉकपिट त्या बल्बमागे लागले. स्वयंचलित चालकाने उंची धरून ठेवणे सोडले आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. दलदलीत कोसळून १०१ माणसे गेली. पुढे १९७८ हे वर्ष ज्या बातमीने उजाडले तसल्याच बातमीने मावळले : २८ डिसेंबरला पोर्टलंडवर युनायटेडचे विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि त्याचे इंधन संपले. दहा मृत्यू. इंधन उतरत चालल्याचे सोबत्यांना दिसत होते, पण ते कॅप्टनला ठणकावून सांगणे त्यांना जमले नाही.

पोर्टलंडनंतर मात्र पावले पडली. १९७९ मध्ये ‘नासा’ने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांना नवे शिक्षण सुरू केले. बिघाड झाला की एकाने फक्त विमान उडवायचे आणि दुसऱ्याने बिघाड पाहायचा. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडायची, वरिष्ठाने ती ऐकायची. आज जगभरच्या वैमानिकांना हे शिकावे लागते.

७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. मुसळधार पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाचा कॅप्टनच्या बाजूचा वायपर उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नात बंद पडला. दुसऱ्या प्रयत्नात धावपट्टी पायाखालून सरत होती आणि चाके टेकत नव्हती. सहवैमानिकाने आधी दबक्या आवाजात नुसती ‘कॅप्टन’ अशी हाक मारली, मग ‘गो अराउंड’ म्हटले. सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीचा निम्मा भाग संपल्यावर विमान टेकले आणि पुढे दरीत गेले. २१ जण दगावले. त्यांत ते दोघेही होते.