८.२ वजा ८ म्हणजे ०.२ का येत नाही?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत बालकुपोषण हा अनेक दशकांचा प्रश्न आहे. अंगणवाडीत बालकांचे वजन, उंची आणि दंडघेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित गणले जाते. म्हणजे उपचाराचा निर्णय दशांश चिन्हापुढच्या एका अंकावर ठरू शकतो. ही तुलना संगणकाने करायची असेल तर एक गोष्ट माहीत हवी.

समजा, बालकाचे वजन ८ किलोवरून ८.२ किलो झाले. ‘वाढ निदान ०.२ किलो आहे का?’ असे पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये विचारले, तर उत्तर ‘नाही’ येते. त्यांच्या हिशेबात ही वजाबाकी ०.१९९९९९९९९९९९९९९३ असते.

असे का होते?

जुन्या तराजूची मापे आठवा: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक. प्रत्येक माप आधीच्या निम्मे. संगणकाची द्विमान पद्धतही अशीच आहे. अशा मापांनी अर्धा, पाव, पाऊण अचूक तोलता येतात. एक पंचमांश, म्हणजे ०.२, कितीही बारीक मापे घेतली तरी पूर्ण जुळत नाही. १९८५च्या ‘आयईईई ७५४’ मानकातील नेहमीच्या ६४ बिटी प्रकारात ५३ द्विअंकांची अचूकता मिळते. त्यापुढचे जवळच्या संख्येत बसवले जाते. ११.५मध्ये अर्धा असल्याने ती मात्र अचूक साठते.

भाषांमधील उपाय

- पायथनमध्ये ‘डेसिमल’, जावात ‘बिगडेसिमल’ आणि सी शार्पमध्ये ‘डेसिमल’ हे प्रकार दशमान पद्धतीने हिशेब करतात. पायथनमध्ये संख्या अवतरणचिन्हांत द्यावी. नाहीतर आधीची चूक तशीच आत येते.
- कोबोलमध्ये दशमान हिशेबाची सोय सुरुवातीपासून आहे.
- जावास्क्रिप्टमध्ये असा अंगभूत प्रकार नसल्याने पूर्णांक वापरणे सोयीचे.
- शास्त्रीय गणितात थेट बरोबरी न तपासता फरक ठरावीक मर्यादेत आहे का, हे पाहतात.

दशमान प्रकारातही एक तृतीयांश पूर्ण मावत नाही. वजन-मापांसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ग्रॅम आणि मिलिमीटर पूर्णांकांत ठेवणे: ८२०० वजा ८००० म्हणजे नेमके २००. दशांश फक्त पडद्यावर दाखवताना वापरावा.